लिंगोमधले टाइमआउट ऑब्जेक्ट: सिस्टिम इव्हेंट चाइल्ड ऑब्जेक्टपर्यंत कसे पोहोचवायचे

डिरेक्टर हे मल्टिमीडिया बनवण्याचं जुनं सॉफ्टवेअर आणि लिंगो ही त्याची स्क्रिप्ट भाषा. त्यात पॅरेंट स्क्रिप्टपासून (ऑब्जेक्टच्या साच्यापासून) बनवलेला चाइल्ड ऑब्जेक्ट स्कोअरमध्ये, म्हणजे मूव्हीच्या टाइमलाइनवर, कुठेच नसतो. त्याला स्प्राइट (पडद्यावरचं चित्र) नसतो, फ्रेम नसते, कास्टमधली (मूव्हीच्या साहित्याच्या संग्रहातली) जागाही नसते. तो फक्त मेमरीत असतो. त्यामुळे प्लेहेड (स्कोअरमधली चालू जागा दाखवणारा) पुढे सरकला, मूव्ही सुरू झाली किंवा थांबली, तरी त्याला कुणी काही कळवत नाही. त्याच्यात एक्झिटफ्रेम नावाचा हँडलर (नावाने बोलावला जाणारा कोडचा तुकडा) लिहून ठेवला म्हणून तो आपोआप चालत नाही. नव्याने लिंगो शिकणारे इथे हमखास अडकतात: कोड बरोबर असतो, एररही येत नाही आणि काहीच घडत नाही.

याचा एक उपाय म्हणजे टाइमआउट ऑब्जेक्ट. ठरावीक मिलिसेकंदांनी एखादा हँडलर चालवणारा टायमर म्हणून तो सगळ्यांना माहीत असतो. त्याचं दुसरं काम मात्र दुर्लक्षित राहतं: आपल्या टार्गेटला, म्हणजे ज्या ऑब्जेक्टसाठी तो बनवला त्याला, तो सिस्टिम इव्हेंटही (मूव्ही सुरू झाली, फ्रेम संपली अशा सूचना) पोहोचवतो. हे काम तो न सांगता करतो. त्यासाठी वेगळं सेटिंग नाही, त्यामुळे ते बंद करण्याचीही सोय नाही. माहिती असेल तर ही मोठी सोय आहे, नसेल तर तासन्‌तास न सापडणारा बग.

(डिरेक्टरची विक्री २०१७ मध्ये बंद झाली आणि ब्राउझरमध्ये या मूव्ही चालवणारा विंडोजवरचा शॉकवेव्ह प्लेअर २०१९ मध्ये. तरीही जुने किऑस्क, संग्रहालयातली दालनं आणि शैक्षणिक सीडी सांभाळणाऱ्यांना हा कोड आजही वाचावा लागतो. खाली लिंगोचे शब्द उच्चारानुसार देवनागरीत दिले आहेत. प्रत्यक्ष टाइप करताना ते अर्थातच रोमन अक्षरांत, शब्दांमध्ये जागा न सोडता लिहायचे.)

टायमर बनवणे

रचना अशी असते:

टाइमआउट("ठोका").न्यू(१०००, #ठोकापडला, मी)

अवतरणातलं "ठोका" हे टायमरचं नाव. कंसातली पहिली किंमत म्हणजे कालावधी, मिलिसेकंदांत, म्हणजे १००० लिहिलं की एक सेकंद. दुसरी म्हणजे चालवायच्या हँडलरचं नाव. ते स्ट्रिंग म्हणून नव्हे, तर समोर # लावून, म्हणजे सिम्बॉल म्हणून द्यायचं. तिसरी किंमत टार्गेटची: हा हँडलर ज्याच्यात आहे तो ऑब्जेक्ट. चाइल्ड ऑब्जेक्ट स्वतःच टायमर बनवत असेल तर इथे "मी" येतो. लिंगोतला हा शब्द उच्चारानेही मराठी आणि अर्थानेही, त्यामुळे लक्षात ठेवायला सोपा.

टार्गेट स्क्रिप्ट इन्स्टन्स (स्क्रिप्टपासून बनलेला ऑब्जेक्ट) असेल तर हँडलरला दोन पॅरामीटर मिळतात: पहिला "मी" आणि दुसरा स्वतः टायमर. हा दुसरा पॅरामीटर लिहायची सवय ठेवा. एकदाच वाजून संपणारा टायमर हवा असेल तर त्याच पॅरामीटरवर फरगेट बोलावून तो तिथल्या तिथे काढता येतो, नाव आठवावं लागत नाही.

टार्गेट दिलाच नाही तर डिरेक्टर तो हँडलर मूव्ही स्क्रिप्टमध्ये शोधतो. टार्गेटच्या जागी एखादी प्रॉपर्टी लिस्ट दिली तर ती टायमरसोबत बांधलेली माहिती ठरते आणि हँडलरमध्ये टायमरच्या टार्गेट प्रॉपर्टीतून ती वाचता येते. मोजणी, गुण, पुढचा टप्पा अशा गोष्टी न्यायला हे सोयीचं आहे. पण लिस्टमध्ये हँडलर नसतात, म्हणून अशा टायमरकडून सिस्टिम इव्हेंटची अपेक्षा ठेवू नये. इव्हेंट पोहोचायचे असतील तर टार्गेट स्क्रिप्ट इन्स्टन्सच हवा.

कोणते इव्हेंट पोहोचतात

टाइमआउट ऑब्जेक्ट आपल्या टार्गेटकडे पाच इव्हेंट पोहोचवतो: प्रिपेअरमूव्ही, स्टार्टमूव्ही, स्टॉपमूव्ही, प्रिपेअरफ्रेम आणि एक्झिटफ्रेम. टार्गेटमध्ये त्या नावाचा हँडलर असेल तर तो चालतो, नसेल तर काहीच होत नाही.

या यादीत काय नाही, तेही पाठ असलेलं बरं. एंटरफ्रेम नाही. बिगिनस्प्राइट आणि एंडस्प्राइट नाहीत, कारण ते स्प्राइटचे आहेत. स्टेपफ्रेम नाही, तो ॲक्टरलिस्ट नावाच्या यादीतल्या ऑब्जेक्टना जातो. माउस आणि कीबोर्डचे इव्हेंटही नाहीत. "एक्झिटफ्रेम चालतो, मग एंटरफ्रेम का नाही" याचं उत्तर एवढंच की तो यादीत नाही. कोड एंटरफ्रेममधून प्रिपेअरफ्रेममध्ये हलवा.

पोहोचवलेला इव्हेंट इतरांच्या वाट्याचा कमी होत नाही. माउस क्लिकसारखा इव्हेंट बिहेवियरपासून (स्प्राइटला लावलेल्या स्क्रिप्टपासून) कास्ट मेंबर, फ्रेम स्क्रिप्ट, मूव्ही स्क्रिप्ट असा पायरी पायरीने खाली येतो आणि कुणी पकडला की पास केल्याशिवाय पुढे जात नाही. इथे तसं नाही. चाइल्ड ऑब्जेक्टला एक्झिटफ्रेम मिळाला तरी फ्रेम स्क्रिप्टला आणि मूव्ही स्क्रिप्टलाही तो मिळतोच. पास लिहिण्याची गरज नाही. उलट, चाइल्ड ऑब्जेक्टने इव्हेंट "अडवावा" अशी रचना मनात असेल तर ती इथे साधणार नाही. त्यासाठी एखादा फ्लॅग ठेवा आणि फ्रेम स्क्रिप्टमध्ये तो तपासा.

कोणाला आधी, कोणाला नंतर, यावरही काही उभारू नका. दोन ऑब्जेक्टनी ठरावीक क्रमानेच काम करायला हवं असेल तर एकाच ऑब्जेक्टला टार्गेट करा आणि त्याने दुसऱ्याला स्वतः बोलवावं.

इव्हेंटचा क्रम, आणि त्यात लपलेला एक खड्डा

मूव्ही सुरू होताना आधी प्रिपेअरमूव्ही येतो. मग पहिल्या फ्रेममधल्या स्प्राइटना बिगिनस्प्राइट, मग प्रिपेअरफ्रेम. प्रिपेअरफ्रेमनंतर डिरेक्टर स्टेज रंगवतो, आवाज चालू करतो, ट्रान्झिशन दाखवतो. त्यानंतर स्टार्टमूव्ही, एंटरफ्रेम आणि शेवटी एक्झिटफ्रेम. पुढच्या प्रत्येक फ्रेमला स्टेपफ्रेम, प्रिपेअरफ्रेम, एंटरफ्रेम, एक्झिटफ्रेम हे चक्र चालतं. मूव्ही थांबताना एंडस्प्राइट आणि मग स्टॉपमूव्ही.

म्हणजे पहिला प्रिपेअरफ्रेम स्टार्टमूव्हीच्या आधी येतो. नाव "स्टार्ट" असलं तरी स्टार्टमूव्ही सुरुवातीला येत नाही. तुमचा ऑब्जेक्ट प्रिपेअरमूव्हीमध्ये तयार झाला, सुरुवातीच्या किमती तुम्ही स्टार्टमूव्हीमध्ये भरल्या आणि प्रिपेअरफ्रेममध्ये त्या वापरल्या, तर पहिल्याच फ्रेमला त्या व्हॉइड, म्हणजे रिकाम्या, मिळतील. व्हॉइड ही गणितात शून्यासारखी वागते, म्हणून बऱ्याचदा एरर येत नाही. फक्त पहिल्या फ्रेमला चित्र डाव्या वरच्या कोपऱ्यात लखकन दिसून जातं. ते दिसलं की हाच क्रम तपासा. सुरुवातीच्या सगळ्या किमती ऑब्जेक्टच्या न्यू हँडलरमध्ये भरा, टायमर बनवण्याच्या ओळीच्या आधी.

दुसरी गोष्ट: टायमर अस्तित्वात आल्यानंतरचेच इव्हेंट तो पोहोचवू शकतो. ऑब्जेक्ट स्टार्टमूव्हीमध्ये बनवला तर तो स्टार्टमूव्ही त्याच्या हाती लागत नाही. पहिल्या मूव्हीचा प्रिपेअरमूव्ही तर कुणाच्याच हाती लागत नाही, कारण त्याआधी टायमर बनवायला जागाच नसते. तो इव्हेंट फक्त आधीच्या मूव्हीतून जिवंत आलेल्या, म्हणजे पर्सिस्टंट टायमरना मिळतो.

आधी चाचणी, मग काम

नवीन प्रकल्पात हा भाग वापरण्याआधी पंधरा मिनिटांची चाचणी करावी. पुढे खूप वेळ वाचतो.

एक पॅरेंट स्क्रिप्ट बनवा, नाव ठेवा "पहारेकरी". त्यात पाचही सिस्टिम इव्हेंटचे हँडलर लिहा. प्रत्येकाचा पहिला पॅरामीटर "मी", आणि आत एकच ओळ: पुट वापरून हँडलरचं नाव आणि द मिलिसेकंड्स मेसेज विंडोत छापणे. न्यू हँडलरमध्ये २००० मिलिसेकंदांचा टायमर बनवा, टार्गेट "मी", आणि तो एका प्रॉपर्टीत साठवा. टायमरच्या स्वतःच्या हँडलरमध्येही अशीच एक पुट ओळ ठेवा. मूव्ही स्क्रिप्टच्या प्रिपेअरमूव्हीमध्ये हा ऑब्जेक्ट तयार करून ग्लोबलमध्ये ठेवा. फ्रेम १ वर एक्झिटफ्रेममध्ये गो टू द फ्रेम लिहा, म्हणजे प्लेहेड तिथेच फिरत राहील. टेम्पो (सेकंदाला किती फ्रेम) ५ वर आणा, नाहीतर मेसेज विंडो इतक्या वेगाने धावेल की वाचता येणार नाही.

आता मूव्ही चालवून सहा-सात सेकंदांनी थांबवा. मेसेज विंडोत प्रिपेअरफ्रेम, स्टार्टमूव्ही, एक्झिटफ्रेम अशी सुरुवात दिसेल. मग प्रिपेअरफ्रेम आणि एक्झिटफ्रेम यांच्या जोड्या साधारण २०० मिलिसेकंदांच्या अंतराने येत राहतील. मध्येच दर दोन सेकंदांनी टायमरची ओळ, आणि शेवटी स्टॉपमूव्ही. प्लेहेड एकाच फ्रेमवर फिरत असला तरी इव्हेंट येत राहतात. गो टू द फ्रेम म्हणजे थांबणं नव्हे, त्याच फ्रेममध्ये पुन्हा शिरणं.

जोडीऐवजी एकाच फेरीत दोनदा प्रिपेअरफ्रेम दिसला तर पुढचा भाग नीट वाचा.

दोनदा चालणारे हँडलर

या विषयातला सगळ्यात जास्त वेळ खाणारा बग हाच. स्प्राइटला लावलेल्या बिहेवियरमध्ये टायमर हवा असतो, उदाहरणार्थ बटण दर ५०० मिलिसेकंदांनी लुकलुकावं म्हणून. बिगिनस्प्राइटमध्ये टायमर बनवला, टार्गेट "मी" दिला. त्याच बिहेवियरमध्ये स्प्राइट सरकवण्यासाठी एक्झिटफ्रेमही आहे. आता दर फ्रेमला हा एक्झिटफ्रेम दोनदा चालतो: एकदा स्प्राइटचं बिहेवियर म्हणून आणि एकदा टायमरचा टार्गेट म्हणून. स्प्राइट दुप्पट वेगाने धावतो आणि माणूस टेम्पो तपासत बसतो.

एकाच ऑब्जेक्टवर दोन टायमर टार्गेट केले तरी तेच. प्रत्येक टायमर आपलं पोहोचवण्याचं काम स्वतंत्रपणे करतो, दुसऱ्याने दिलं का हे तो विचारत नाही.

यावर तीन मार्ग आहेत. सर्वांत स्वच्छ मार्ग म्हणजे टायमरसाठी छोटा वेगळा ऑब्जेक्ट बनवणे. त्याच्यात टायमरचा हँडलर आणि मूळ बिहेवियरचा संदर्भ एवढंच असतं. सिस्टिम इव्हेंटचे हँडलर त्याच्यात नसल्याने पोहोचलेले इव्हेंट निमूटपणे वाया जातात. दुसरा मार्ग: टार्गेट न देता मूव्ही स्क्रिप्टमधला हँडलर वापरणे आणि तिथून सेंडस्प्राइटने संदेश पाठवणे. छोट्या कामाला हे पुरेसं आहे, पण पंचवीस बटणं झाली की मूव्ही स्क्रिप्टची अडगळ होते. तिसरा मार्ग म्हणजे वेळ तपासून दुसरी फेरी टाळणे. तो आम्ही सुचवणार नाही. वेगवान मशीनवर दोन खऱ्या फ्रेमही तितक्याच जवळ येऊ शकतात, मग खरी फ्रेमही गाळली जाते.

टायमरच्या हँडलरला एक्झिटफ्रेम किंवा स्टॉपमूव्ही असं सिस्टिमचं नाव देण्याचा मोह टाळा. तो दोन वाटांनी चालू लागतो आणि कोणत्या वाटेने आला हे आतून समजत नाही.

फक्त इव्हेंटसाठी टायमर

कधी कधी टायमर नकोच असतो, ऑब्जेक्टला फक्त प्रिपेअरफ्रेम आणि स्टॉपमूव्ही हवे असतात. तेव्हा कालावधी इतका मोठा द्यायचा की टायमर वाजूच नये. लिंगोतला द मॅक्सइंटिजर म्हणजे २१४७४८३६४७. मिलिसेकंदांत हे २४ दिवस २० तासांहून थोडं अधिक होतं. सीडी चालवणाऱ्याला हा काळ अनंतच. पण महिनोन्‌महिने बंद न होणाऱ्या किऑस्कवर पंचविसाव्या दिवशी टायमर वाजणारच. म्हणून ज्या हँडलरचं नाव दिलं आहे तो ऑब्जेक्टमध्ये रिकामा का होईना, पण लिहून ठेवा.

यासाठी जुनी पद्धत ॲक्टरलिस्टची. तिच्यात ऑब्जेक्ट घातला की दर फ्रेमला स्टेपफ्रेम मिळतो. फक्त दर फ्रेमला काहीतरी हलवायचं असेल तर आजही तीच साधी आणि बरी, दोनदा चालण्याचा धोका नाही. पण ॲक्टरलिस्ट मूव्ही थांबल्याची खबर देत नाही, आणि दुसऱ्या मूव्हीकडे जाताना डिरेक्टर ती रिकामीही करत नाही, ते काम आपल्यालाच करावं लागतं. उघडलेली फाइल बंद करणे, गुण जतन करणे, एक्स्ट्राचा (डिरेक्टरच्या प्लग-इनचा) ऑब्जेक्ट मोकळा करणे अशी कामं स्टॉपमूव्हीलाच व्हायला हवीत. तिथे टाइमआउटची वाट योग्य.

प्रिपेअरफ्रेममध्ये अपडेटस्टेज बोलावू नका. अपडेटस्टेज स्वतःच प्रिपेअरफ्रेम आणि स्टेपफ्रेम पाठवतो, म्हणजे हँडलर स्वतःलाच बोलावण्याच्या फेऱ्यात सापडू शकतो. याच कारणाने प्रिपेअरफ्रेम मोजून "इतक्या फ्रेम झाल्या" असा हिशेब ठेवणंही चुकीचं. कुठेतरी कुणी अपडेटस्टेज वापरला की आकडा फुगतो.

टायमर काढून टाकणे

टाइमआउटलिस्ट ही सध्या जिवंत असलेल्या सगळ्या टायमरची यादी. या यादीकडे टायमर असतो आणि टायमरकडे टार्गेटचा संदर्भ. म्हणून तुम्ही तुमच्या ग्लोबलमध्ये व्हॉइड भरलं तरी चाइल्ड ऑब्जेक्ट मरत नाही. तो वाजत राहतो, इव्हेंट घेत राहतो आणि आता त्याला धरायला तुमच्याकडे नाव उरलेलं नसतं. आधी टायमरवर फरगेट, मग टायमर साठवलेल्या प्रॉपर्टीत व्हॉइड, मग ऑब्जेक्टच्या व्हेरिएबलमध्ये व्हॉइड, हाच क्रम पाळा. प्रत्येक पॅरेंट स्क्रिप्टमध्ये याच कामाचा एक "आवर" हँडलर असावा.

बिहेवियरने बनवलेला टायमर एंडस्प्राइटमध्ये फरगेट करायलाच हवा. नाहीतर प्लेहेड पुढच्या भागात गेल्यावरही तो जुन्या स्प्राइट क्रमांकावर काम करत राहतो, आणि त्या चॅनलमध्ये आता भलतंच चित्र असतं. "दुसऱ्या पानावरचा लोगो आपोआप हलतो" अशी तक्रार आली की संशयित ठरलेला आहे.

टायमरची नावं वेगवेगळी हवीत. एका पॅरेंट स्क्रिप्टपासून दहा ऑब्जेक्ट बनणार असतील आणि सगळे आपल्या टायमरला "ठोका" म्हणणार असतील तर गोंधळ ठरलेला. नाव वेगळं करण्यासाठी अनेक जण ऑब्जेक्टचंच स्ट्रिंगमध्ये रूपांतर करून ते नाव देतात. बनवताना ते चालतं, पण पुढे त्याच नावाने टायमर शोधायला गेलात तर सापडणार नाही. त्या स्ट्रिंगमध्ये ऑब्जेक्टच्या पत्त्यासोबत त्याला किती ठिकाणांहून धरलं आहे तो आकडाही असतो, आणि तो बदलत राहतो. स्वतःचा वाढता क्रमांक जोडा, आणि मुख्य म्हणजे न्यूने परत दिलेला टायमर प्रॉपर्टीत साठवा. मग नावाशी देणंघेणं उरत नाही.

सगळे टायमर एकदम काढायचे असतील तर टाइमआउटलिस्टवर शेवटून सुरुवातीकडे या. पुढून गेलात तर एक काढल्यावर मागचे एकेक जागा पुढे सरकतात आणि दर दुसरा टायमर सुटतो.

पर्सिस्टंट

टायमरची पर्सिस्टंट प्रॉपर्टी मुळात फॉल्स असते. मूव्ही थांबली की असा टायमर यादीतून जातो. ती ट्रू केली तर गो टू मूव्हीने दुसऱ्या मूव्हीत गेल्यावरही टायमर जिवंत राहतो आणि टार्गेटला नव्या मूव्हीचे इव्हेंट, अगदी प्रिपेअरमूव्हीसह, मिळतात. अनेक मूव्हींमध्ये चालणारं पार्श्वसंगीत किंवा वापरकर्त्याच्या सत्राची नोंद ठेवणाऱ्या ऑब्जेक्टसाठी हे नेमकं हवं असतं.

दोन पथ्यं. अशा ऑब्जेक्टची पॅरेंट स्क्रिप्ट दोन्ही मूव्हींना जोडलेल्या एक्स्टर्नल कास्टमध्ये ठेवा. आणि स्टॉपमूव्हीमध्ये "सगळं संपलं" असं गृहीत धरू नका. पर्सिस्टंट ऑब्जेक्टसाठी तो दर मूव्हीच्या शेवटी येतो, तिथेच फाइल बंद केली तर पुढच्या मूव्हीत लिहिताना एरर येईल. फाइल स्टॉपमूव्हीत बंद करून पुढच्या प्रिपेअरमूव्हीत पुन्हा उघडणं सुरक्षित.

ऑथरिंग करताना पर्सिस्टंट टायमर आणखी त्रास देतो. मूव्ही थांबवली तरी तो वाजत राहतो. मेसेज विंडोत टाइमआउटलिस्ट छापून पाहण्याची सवय इथे उपयोगी पडते.

वेळेच्या अचूकपणाबद्दल

टायमर टेम्पोवर अवलंबून नसतो, पण लिंगो एका वेळी एकच काम करतं. लांबलचक रिपीट लूप चालू असताना ना टायमर वाजतो ना फ्रेमचे इव्हेंट येतात. ४० मिलिसेकंदांचा टायमर ४० वरच वाजेल असं धरून ॲनिमेशनचं अंतर मोजू नका. मागच्या वेळचे द मिलिसेकंड्स साठवा, आत्ताच्या किमतीतून वजा करा आणि जितका वेळ खरोखर गेला तितकंच सरकवा. मोठी मोजणी असेल तर ती तुकड्यांत पाडून दर प्रिपेअरफ्रेमला एक तुकडा उरका. इव्हेंट पोहोचवणारा टायमर या कामाला उत्तम जुंपता येतो.

जुन्या कोडमध्ये ऑन टाइमआउट नावाचा हँडलर किंवा द टाइमआउटलेंग्थ दिसलं तर ते वेगळंच प्रकरण आहे. वापरकर्त्याने बराच वेळ माउस किंवा कीबोर्डला हात लावला नाही की तो इव्हेंट येतो. त्याची लांबी मिलिसेकंदांत नव्हे, टिक्समध्ये असते. एक टिक म्हणजे सेकंदाचा साठावा भाग, आणि मूळ किंमत १०८०० टिक्स, म्हणजे ३ मिनिटं. टाइमआउट ऑब्जेक्टशी त्याचं फक्त नावाचं नातं आहे, टाइमआउटलिस्टमध्ये तो सापडणार नाही.